दुपारी दोनच्या बर्फासाठी स्नोबोर्ड: जोन्स फ्लॅगशिप १६१, दोन हंगामांनंतर

आमचा वॉशिंग्टन राज्यातला रिसॉर्ट, क्रिस्टल माउंटन, सकाळी नऊला एक असतो आणि दुपारी दोनला दुसराच. नऊला गोंडोलातून वर पोचलं की समोर ४,३९२ मीटरचा रेनियर उभा आणि पायाखाली रात्री यंत्रानं विंचरलेला उतार. त्यावर कुठलाही धड बोर्ड चांगलाच वाटतो. दोनपर्यंत त्या रेघा मोडलेल्या असतात. बर्फाचे घोट्याएवढे, कुठे गुडघ्याएवढे ढीग झालेले, मधेमधे घासून उघडे पडलेले कडक पट्टे, आणि ऊन आलं असेल तर वरचा थर ओल्या साखरेसारखा. सिएटलच्या बाजूचा बर्फ पॅसिफिकचा ओलावा घेऊन येतो, त्यामुळे जड असतो. इथली मंडळी त्याला ‘कॅस्केड काँक्रीट’ म्हणतात. बोर्ड निवडायचा तो या दोनच्या बर्फासाठी, हे उमगायला मला पंधरा हंगाम लागले.

उमगलं तेही मुलीमुळे. ती सतरा वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून बोर्डवर उभी राहते आणि आता मला गाठायला तिला कष्ट पडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ग्रीन व्हॅलीच्या पायथ्याशी लिफ्टच्या रांगेत ती म्हणाली, “बाबा, जेवण झालं की तू मागच्या पायावर जातोस. सकाळी नाही जात.”

मी म्हणालो, “दमतो गं.”

“दमतोस म्हणून मागे जात नाहीस. मागे जातोस म्हणून दमतोस.”

त्या रात्री घरी येताना, एनमक्लॉपर्यंतच्या अंधाऱ्या रस्त्यावर, मी याचाच विचार करत होतो. मी मूळचा सातारचा. शाळेत असताना यवतेश्वरच्या घाटातून सायकली सोडायचो. पुढचं चाक खड्ड्यानं एकदा फिरवलं की अंग आपोआप मागे सरकायचं, आणि मागे सरकलं की पुढच्या चाकावरचा उरलासुरला ताबाही जायचा. माझ्या जुन्या बोर्डवर हेच चाललं होतं. तो १५७ सेंटिमीटरचा होता, मऊ होता आणि दोन पायांच्या मधे रॉकरचा, म्हणजे मधे टेकलेला आणि टोकांकडे उचललेला. बर्फाच्या ढिगावर आदळला की त्याचं पुढचं टोक वाकायचं, बाजूला वळायचं. दोनचारदा असं झालं की शरीर स्वतःच ठरवतं की पुढे झुकण्यात धोका आहे. मग वजन मागे, मांड्या भरून आलेल्या, आणि चालवण्यात निव्वळ सावधपणा. तंत्र माझं बिघडलेलं नव्हतं. माझ्या वेगाला तो बोर्ड पुरत नव्हता.

तो बोर्ड मी घेतला होता एका दुकानदाराच्या सल्ल्यानं. त्यानं मला उभं करून बोर्ड हनुवटीला लावून पाहिला आणि म्हणाला, हाच. वजन विचारलं नाही, बुटाचा नंबर विचारला नाही. माझं वजन ८२ किलो, बूट अमेरिकी साडेदहा. बोर्डला तुमची उंची कळत नाही, त्याला कळतं ते वजन. आणि बोर्डची कंबर, म्हणजे मधली रुंदी, बुटाला अरुंद पडली तर एजवर, म्हणजे बोर्डच्या धारदार कडेवर, खोल झुकलं की बुटाचा पुढचा भाग बर्फाला टेकतो, एज बर्फातून उचलली जाते आणि तुम्ही आडवे. माझं उजवं मनगट असंच मोडलं, साध्या निळ्या, म्हणजे मध्यम, उतारावर, एका चांगल्या वळणाच्या ऐन मध्यावर. दुकानात गेलात आणि कुणी हनुवटीपासून सुरुवात केली, तर कृपा करून दुसरं दुकान शोधा.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला मी तीन बोर्ड भाड्यानं घेऊन चालवले. इथे बऱ्याच दुकानांत अशी सोय असते, आणि तिथूनच बोर्ड घेतला तर भाडं किमतीतून वजा करतात. एक नेम मात्र मी कटाक्षानं पाळला: सकाळी बोर्ड बदलायचे नाहीत. सकाळ स्वतःच्या बोर्डवर काढायची, जेवणानंतर भाड्याचा बांधायचा, आणि लिफ्ट बंद होईपर्यंत तोच.

पहिला बर्टनचा कस्टम एक्स. कस्टम हे मॉडेल १९९६पासून चालत आलंय, एक्स हा त्याचा ताठ भाऊ. टोकापासून टोकापर्यंत निखळ कॅम्बर. बोर्ड फरशीवर ठेवला तर दोन्ही टोकांजवळ टेकतो आणि मधे कमानीसारखा उचललेला राहतो. तुम्ही उभे राहिलात की ती कमान दाबली जाते, एजच्या सगळ्या लांबीवर दाब पसरतो आणि वळण संपताना तीच कमान तुम्हाला पुढच्या वळणात फेकते. लकी शॉट नावाच्या लांब उतारावर मी त्याच्यावर जी वळणं घेतली तशी आयुष्यात घेतली नव्हती. हात बर्फाला लागत होता. ज्यांचा दिवस बहुतेक ग्रूम केलेल्या, म्हणजे विंचरलेल्या, उतारांवर आणि मोठ्या उड्यांवर जातो त्यांच्यासाठी माझ्या मते यापलीकडे जायची गरज नाही. पण निखळ कॅम्बर सतत लक्ष मागतो, ती त्या रचनेचीच अट आहे. दोनच्या बर्फात चव्वेचाळीस वर्षांच्या माझ्या गुडघ्यांना ते लक्ष लिफ्ट बंद होईपर्यंत पुरवणं जड गेलं असतं.

दुसरा लिब टेकचा टी. राइस प्रो. हा आमच्या वॉशिंग्टन राज्यातच बनतो, ऑलिम्पिक द्वीपकल्पावर, सीक्विमजवळच्या कारखान्यात, आणि स्नोबोर्डर ट्रॅव्हिस राइसच्या नावाचा आहे. याची घडण निराळी: पायांच्या मधे रॉकर, आणि पायांपासून टोकांकडे कॅम्बर. एज सरळ नसते, नागमोडी असते. भाकरी सुरीनं कापण्याऐवजी दाते असलेल्या सुरीनं ब्रेड कापावा तशी ती कडक बर्फात जागोजागी रुतते. सावलीतल्या निळसर, काचेसारख्या पट्ट्यावर तिनं मला धरून ठेवलं तेव्हा मी मनातल्या मनात त्या कारखान्याला नमस्कार केला. बोर्ड दोन्ही दिशांनी जवळजवळ सारखाच चालतो. माझी मुलगी अर्धा दिवस उलट्या पायावर, म्हणजे मागचा पाय पुढे करून, असते, फिरत उड्या मारते, आणि तिनं तो एक तास मागून घेतला तो परत द्यायला तयार नव्हती. तिची निवड तिथेच झाली. मी मात्र उलट्या पायावर फारसा जात नाही, आणि माझा त्रास वेगळ्या जागी होता: पुढच्या टोकात.

तिसरा जोन्स फ्लॅगशिप. जेरेमी जोन्सनं दुर्गम, उभ्या डोंगरांवर बोर्ड चालवण्यात आयुष्य घातलं, २००७मध्ये हवामानबदलावर काम करणारी ‘प्रोटेक्ट अवर विंटर्स’ ही संस्था सुरू केली आणि नंतर स्वतःची बोर्डची कंपनी काढली. फ्लॅगशिप त्या कंपनीचा नावाप्रमाणेच मुख्य बोर्ड. आणि घडण टी. राइसच्या बरोबर उलटी: पायांच्या मधे कॅम्बर, पुढचं टोक रॉकरनं वर उचललेलं, मागचं अगदी किंचित. शिवाय पुढच्या टोकाच्या तळाच्या कडा चमच्यासारख्या वर वळवलेल्या. ताठपणा कंपनीच्या दहाच्या मापात वरच्या बाजूचा. बाइंडिंगच्या, म्हणजे बूट बोर्डला बांधायच्या पकडींच्या, जागा मध्यापासून थोड्या मागे, म्हणजे पायांपुढे जास्त बोर्ड.

कागदावर वाचताना या गोष्टी जाहिरातीसारख्या वाटतात. पाय ठेवल्यावर काय होतं ते सांगतो. नॉर्थवे लिफ्टनं वर गेलो, दुपारचे सव्वादोन. त्या बाजूला ग्रूमिंग जवळजवळ नाहीच; झाडं, अरुंद घळी आणि दिवसभर तुडवलेला बर्फ. पहिल्या ढिगावर मी सवयीनं मागे सरकलो आणि काहीच झालं नाही. पुढचं टोक ढिगावर चढलं, ढीग दोन्ही बाजूंना सांडला आणि बोर्ड सरळ पुढे गेला. दुसऱ्या ढिगावर मी मागे सरकलो नाही. चौथ्यापाचव्या वळणावर लक्षात आलं की माझी पुढची नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली आहे, सकाळी असते तशी. मुलगी खाली थांबली होती. तिनं काही न बोलता नुसता हात वर केला.

कारण सोपं आहे. पुढचं टोक उचललेलं आणि कडेला वळवलेलं असल्यामुळे एज ढिगात अडकत नाही. पण पायांच्या मधे कॅम्बर असल्यामुळे कडक पट्टा आला की पकड तिथेच, पायाखाली मिळते. आणि दोन पायांमधला भाग पिळला जायला कठीण असल्यामुळे एका पायाखाली मऊ, दुसऱ्याखाली कडक असं आलं तरी बोर्ड एकसंध वागतो. माझ्या मते दोनच्या बर्फात हा पिळाचा ताठपणा लांबीतल्या ताठपणापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही. दुकानात लोक बोर्ड हातात धरून मधे वाकवतात. त्याऐवजी टोक जमिनीवर टेकवा, वरचं टोक दोन्ही हातांत धरा आणि ओलं फडकं पिळतात तसं पिळून बघा. दोनतीन बोर्ड पिळले की फरक हाताला कळतो. ताठपणाचे आकडे मात्र एका कंपनीतल्या बोर्डांची तुलना करायलाच वापरा. एकीचा आठ म्हणजे दुसरीचा सहा असू शकतो, कारण सगळ्यांचं मिळून एक माप नाही.

आता लांबीबद्दल. मी १६१ घेतला. टोकं उचललेली असल्यामुळे एजवर झुकल्यावर बर्फाला प्रत्यक्ष लागणारी लांबी निखळ कॅम्बरच्या तेवढ्याच बोर्डपेक्षा कमी असते. म्हणून १६१ हातात मोठा दिसतो पण वळणात तेवढा वाटत नाही. ८० किलोच्या पुढे वजन आहे आणि जोरात चालवता, तर एक माप खाली जाण्याचा मोह टाळा. झाडांत वळवायला छोटा बोर्ड सोपा खरा, पण सोपेपणा सकाळी हवासा वाटतो आणि दुपारी महागात पडतो. रुंदीचं म्हणाल तर साडेदहा नंबरच्या बुटाला कंबर २५५ मिलिमीटरच्या खाली नको, असं माझं मनगट सांगतं. बूट बोर्डवर ठेवून प्रत्यक्ष बघा: पुढे-मागे एक ते दोन सेंटिमीटर बाहेर आला तर ठीक. अकरा-साडेअकराच्या पुढे सरळ वाइड घ्या.

पावडरबद्दल, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाबद्दल, फार लिहायला नको, कारण या बोर्डचं ते माहेरच आहे. एकच दिवस सांगतो. माउंट बेकर, कॅनडाच्या सीमेजवळचा छोटा, साधा रिसॉर्ट. १९९८-९९च्या हंगामात तिथे १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला आणि तो जागतिक विक्रम ठरला. मी गेलो त्या दिवशी रात्रीत दीड फूट पडला होता, आणि तोही जड. जुन्या बोर्डवर अशा दिवशी मागचा पाय दुपारपर्यंत जळायचा, कारण टोक वर ठेवायला सतत मागे रेलावं लागायचं. फ्लॅगशिपवर मी दोन्ही पायांवर सारखा उभा होतो आणि टोक आपलं आपण वर. लिफ्टमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांच्या पायातही एका बाजूला निमुळता, लांब नाकाचा बोर्ड होता. तिथे बहुतेकांच्या पायात तसेच दिसतात. १९८५पासून तिथे बँक्ड स्लॅलमची, म्हणजे कडा उचललेल्या वळणांतून उतरायची, शर्यत भरते. त्या डोंगराला बोर्ड कसा लागतो हे त्या लोकांना केव्हाचं माहीत आहे.

जिथे तो मला कमी पडतो ते असं. उलट्या पायावर चालतो, पण आखूड मागचं टोक कामापुरतं. उड्या-कसरतींच्या पार्कातल्या लोखंडी दांड्यांवर मी त्याला नेणार नाही, तो त्यासाठी घडवलेलाच नाही. आणि सपाट, रेंगाळत्या रस्त्यांवर, मुलांबरोबर किंवा नवशिक्या पाहुण्यांबरोबर हळू जायचं असेल तर तो कंटाळलेल्या घोड्यासारखा वाटतो. कमी वेगात त्याला वळवायला अंगाचा पीळ द्यावा लागतो. गेल्या डिसेंबरात पुण्याहून आलेल्या भाच्याला पहिल्यांदा उभं करायला गेलो तेव्हा मी जुना १५७च काढला. अजून ज्यांना कडक उतारावर दोन्ही एजवर विश्वासानं वळता येत नाही, त्यांनी यावर पैसे घालू नयेत. वेग असल्याशिवाय तो काही देत नाही.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, बूट आणि बाइंडिंग. ताठ बोर्डवर मऊ बूट घालणं म्हणजे ट्रॅक्टरला सायकलचं हँडल लावणं. माझे बूट तीन हंगामांत आतून दबून सैल झाले होते; बोर्डच्या आधी मी ते बदलले, आणि पैसे कमी असतील तर तुम्हीही आधी तेच बदला. बाइंडिंगचा पाठीमागचा टेकू थोडा पुढे झुकवला की टाचेच्या एजवर बोर्ड ताबडतोब उत्तर देतो. माझा कोन पुढच्या पायाचा १८ अंश, मागच्याचा उणे ३, दोन्ही पायांतलं अंतर ५६ सेंटिमीटर. उणे १५वर होतो तेव्हा दुपारी मागचा गुडघा दुखायचा. मागचा पाय सरळ आणल्यावर ते थांबलं. प्रत्येकाचा गुडघा वेगळा, पण पुढच्या दिशेनंच चालवणाऱ्यांनी बदकासारखे दोन्ही पाय बाहेर फेकून उभं राहण्याची सवय एकदा तपासून बघावी.

दुसरी, तळ. सिंटर्ड, म्हणजे दाबून घडवलेला सच्छिद्र, तळ वॅक्स पितो आणि पळतो. वॅक्स दिलं नाही तर तोच तळ सुकून पांढुरका पडतो आणि ओल्या बर्फात चिकटतो. आमच्या जड बर्फात मी दर चार दिवसांनी इस्त्री काढतो. एज कारखान्यातून आली तशी वापरू नका. मी तळाच्या बाजूला १ अंश आणि कडेला २ अंश धार ठेवतो आणि टोकांजवळची धार रबरानं बोथट करतो, म्हणजे ढिगात ती अचानक पकडत नाही.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी थोडं. गुलमर्गला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यानं तुम्ही अफरवटच्या अंगावर, जवळपास चार हजार मीटरवर पोचता, आणि तिथून खाली बहुतेक सगळं न विंचरलेलं. बर्फ आमच्यापेक्षा कोरडा आणि हलका. तिथे असाच पुढे नाक असलेला बोर्ड हवा, आणि जमत असेल तर एक माप लांब. पण त्याआधी हिमस्खलनाचा बीकन (गाडलेल्याला शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि ते वापरता येणारा जोडीदार. हे नसेल तर पहिल्या टप्प्याच्या खालीच रमा. बोर्ड कितीही चांगला असला तरी घसरलेला डोंगर त्याला ओळखत नाही.

किंमत सातशे डॉलरच्या घरात, वर इथला दहा टक्क्यांच्या आसपासचा कर. मी पूर्ण किमतीत घेतला कारण हंगामाची सुरुवात होती. थांबायची तयारी असेल तर मार्च-एप्रिलमध्ये दुकानं जुन्या वर्षाचा माल बऱ्याच कमी किमतीत काढतात, आणि या बोर्डमध्ये दरवर्षी फार मोठा बदल होतो असंही नाही. फक्त मापं आधी संपतात, त्यातही १६१ आणि १६४ लवकर.

दोन हंगामांत त्यानं ४७ दिवस पाहिले. तळाला दोन खोल ओरखडे आहेत, दोन्ही एप्रिलमधले, खडक वर आल्यावरचे. एज कुठेही सुटलेली नाही. पायाखालची कमान पहिल्या वर्षी होती त्यापेक्षा थोडी बसली आहे, फरशीवर ठेवून पट्टीनं मोजली तेव्हा कळलं. चालवताना अजून जाणवत नाही. सध्या तो गॅरेजमध्ये भिंतीला आहे. बाइंडिंग सोडवून ठेवली आहेत, एजला गंज चढू नये म्हणून तळावर आणि कडेवर वॅक्सचा जाड थर दिलाय, न खरवडता. तो थर नोव्हेंबरात खरवडायचा, आणि त्या दिवशी मुलीचा टी. राइसही शेजारी टेबलावर असेल.